बॉक्सर ढ असतो का? त्या ४८ नंबरमागची खरी गोष्ट

(होस्ट कॅमेऱ्यासमोर, मागे सोफ्यावर बॉक्सर जातीची कुत्री झोपलेली)

नमस्कार मंडळी! मागून घरघर ऐकू येतेय ना? माइक बिघडलेला नाही, आमची चिंगी घोरतेय. बॉक्सर घोरतो, लाळ गाळतो आणि पाहुणे बसलेले असताना नेमका गॅस सोडतो. हे ज्यांना चालणार नाही त्यांनी व्हिडिओ इथेच थांबवला तरी माझी काही हरकत नाही.

तर आजचा विषय. बॉक्सर घ्यायचं मनात आलं की माणूस आधी नेटवर बसतो आणि पाच मिनिटांत त्याला एक आकडा सापडतो: ४८. हुशार कुत्र्यांच्या यादीत बॉक्सर ४८वा. मग मला मेसेज येतो, "ताई, दिसायला रुबाबदार आहे हो, पण ढ असतो का?"

ही यादी आली कुठून ते बघू. स्टॅन्ले कोरेन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. कुत्र्यांच्या बुद्धीवरचं त्यांचं पुस्तक १९९४ साली आलं. त्यासाठी त्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या आज्ञापालन स्पर्धांच्या सुमारे २०० परीक्षकांकडून जातींची क्रमवारी मागवली. पहिला नंबर बॉर्डर कॉलीचा. त्याच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातली कुत्री नवी आज्ञा पाचपेक्षा कमी वेळा सांगून शिकतात आणि शंभरातल्या ९५ वेळा पहिल्या हाकेला ऐकतात. बॉक्सरच्या गटाला २५ ते ४० वेळा सांगावं लागतं, आणि पहिल्या हाकेला तो निदान निम्म्या वेळा ऐकतो.

यादी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तिने मोजलंय काय? आज्ञा पाळणं. कोरेन यांनीच कुत्र्याच्या बुद्धीचे तीन भाग सांगितलेत: जातीत उपजत आलेली, स्वतःचं डोकं लावून अडचण सोडवणारी आणि माणसाचं ऐकून काम शिकणारी. यादी फक्त तिसऱ्या भागाची. नेटवर फिरता फिरता पहिले दोन भाग गळून गेले आणि उरला नुसता नंबर.

(जुन्या बॉक्सरचं चित्र स्क्रीनवर)

आता बॉक्सरचं मूळ काम काय होतं ते बघा, म्हणजे नंबरचं कोडं सुटेल. जर्मनीत बुलनबाइसर नावाची शिकारी कुत्री होती. सरदार-जमीनदारांच्या शिकारीत रानडुकराला गाठायचं, पकडायचं आणि शिकारी पोचेपर्यंत सोडायचं नाही, हे त्यांचं काम. पुढे शिकारीचे दिवस गेले आणि ही कुत्री खाटकांकडे, गुरांच्या व्यापाऱ्यांकडे आली. तिथे इंग्लिश बुलडॉगशी संकर झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी म्युनिकमध्ये बॉक्सर ही जात घडली. पहिला क्लबही तिथलाच.

मेंढ्या राखणाऱ्या कॉलीला पावलोपावली धनगराकडे बघावं लागतं, तो शीळ कधी घालतो, हात कुठे करतो. रानडुकराला धरून ठेवलेल्या कुत्र्याला कोण हुकूम देणार? मालक अजून झाडीत धडपडतोय. धरायचं कुठे, पकड कधी बदलायची, हे त्यालाच ठरवायचं. अशा कुत्र्याच्या नातवंडाला तुम्ही हॉलमध्ये "बस, ऊठ, बस, ऊठ" करायला लावलंत तर तो एकदा बसेल, दुसऱ्यांदा बसेल आणि तिसऱ्यांदा तोंडात चेंडू घेऊन येईल. त्याचा अर्थ "समजलं नाही" असा नसतो. "हे झालं की, आता खेळू" असा असतो.

माझ्या घरातलंच उदाहरण देते. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला खाली दाबायचं हँडल आहे. चिंगीला ते कुणी शिकवलं नाही, पंजाने दाबून उघडते. बॉक्सर पुढचे पंजे फार वापरतो, खेळताना, मागताना, भांडताना, त्यामुळे यात नवल नाही. गंमत पुढे आहे. सासूबाई पोळ्या करत असतील तरच ती दार उघडते, कारण पहिली पोळी तिला मिळते हे ठरलेलं आहे. मी ओट्याशी असले की दाराबाहेर फरशीवर हनुवटी टेकून शहाण्यासारखी पडून राहते. आत कोण आहे, कुणाकडे काय चालतं, सगळा हिशोब पक्का. हे कुठल्या परीक्षकाच्या गुणपत्रिकेत येणार?

म्हणून शिकवायची पद्धत बदला. एका वेळी पाच मिनिटं, त्यात दोन-तीनच गोष्टी, आणि तो उत्साहात असतानाच थांबायचं. ओरडू नका. एवढं दांडगं जनावर, पण आवाज चढला की तोंड पाडून कोपऱ्यात जातं आणि मग तासभर तुमच्याकडे बघत नाही. घरातल्या सगळ्यांचे शब्द मात्र एक हवेत. बाबा "खाली" म्हणतात, दादा "डाउन" म्हणतो आणि आजी "अरे बाळा, नको ना" म्हणते, अशा घरात बॉक्सर आजीचं ऐकतो. म्हणजे कुणाचंच ऐकत नाही.

आता स्वभाव. तुम्ही ऑफिसातून आलात की बॉक्सर नुसती शेपटी हलवत नाही. अख्खं अंग वळवतो, डोकं आणि ढुंगण एकाच बाजूला, पार अर्धगोल, आणि तसाच आडवा-तिरका तुमच्याभोवती नाचतो. इंग्रजीत त्याला "किडनी बीन" नाच म्हणतात, म्हणजे आपला राजमा, आणि तो आकार अगदी तसाच दिसतो. घरातल्या प्रत्येकासाठी हा सोहळा रोज. पोरांशी तर त्याचं विशेष जमतं. लहान मुलाने कान ओढला तरी सहसा उठून दुसरीकडे जातो. तरी मूल आणि कुत्रा यांना खोलीत एकटं सोडायचं नाही, जात कुठलीही असो.

अडचण चावण्याची कमी आणि धडकेची जास्त आहे. पूर्ण वाढलेला नर ३० किलोच्या वर जातो, मादी २५ किलोच्या आसपास. आणि हे शरीर वर्ष-दीड वर्षात भरतं, पण डोकं ठिकाणावर यायला दोन-तीन वर्षं लागतात. मधल्या काळात घरात एक तीस किलोचं बालवाडीचं पोर उड्या मारत असतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा घरी असतील तर हा काळ जड जातो. म्हणून पिल्लू दारात आल्या दिवसापासून एकच नियम: चारही पाय जमिनीवर असतील तरच लाड. उडी मारली की पाठ फिरवायची, बोलायचंही नाही.

राखणीचं म्हणाल तर तो उगाच भुंकत नाही. दारात नवा माणूस आला की आधी उभा राहून निरखतो. त्यामुळे बॉक्सर सारखा भुंकायला लागला तर खिडकीतून जरूर डोकवा. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने त्याच्याकडून निरोप पोचवण्याचं काम करून घेतलं, पुढे पोलिसांतही तो होता, त्यामुळे धाडसाबद्दल शंका नको. पण रात्री गच्चीवर किंवा अंगणात बांधून ठेवायचा असेल तर बॉक्सर घेऊ नका. एकटेपणात तो बिघडतो: सोफा फाडतो, स्वतःचे पाय चाटून जखमा करतो. नवरा-बायको दोघंही दहा तास बाहेर, घरात तिसरं कुणी नाही, तर माझं उत्तर स्पष्ट "नाही" आहे.

(चिंगीच्या नाकाचा क्लोज-अप)

हे नाक बघा. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. जीभ, तोंड आणि नाकातला ओलावा उडतो तसं शरीर थंड होतं. नाकच आखूड, म्हणजे ती सोय अपुरी. विदर्भात मे महिन्यात तर सोडाच, पुण्यातही एप्रिलच्या दुपारी याला फिरवणं धोक्याचं. सकाळी सातच्या आत, संध्याकाळी रस्ता निवल्यावर. जीभ गडद झाली, चाल अडखळली, तर साधं गार पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि थेट डॉक्टर गाठा. बर्फात बुडवू नका.

पांढऱ्या पिल्लांबद्दलही विचारतात. बॉक्सरच्या साधारण चार-पाच पिल्लांत एक पांढरं निघतं. "रेअर" म्हणून जास्त पैसे मागणारा विक्रेता भेटला तर सरळ उठून या. पांढऱ्यांमध्ये बहिरेपणाचं प्रमाण जास्त असतं, म्हणून पिल्लाच्या मागे जाऊन टाळी वाजवून बघा. बहिरा निघाला तरी हाताच्या खुणांवर छान शिकतो, पण घेताना ते माहीत हवं.

आणि एक वैज्ञानिक गोष्ट. २००५ साली कुत्र्याचा पहिला सविस्तर जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला, तो ताशा नावाच्या बॉक्सर मादीचा होता. तिला निवडण्याचं एक कारण हे की तिच्या जनुकांत विविधता कमी होती, त्यामुळे नकाशा जुळवणं सोपं गेलं. शास्त्रज्ञांची सोय झाली, जातीची मात्र गैरसोय आहे. बॉक्सरमध्ये हृदयाचे ठोके बिघडण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, त्यात कुत्रा अचानक भोवळ येऊन पडतो. कॅन्सरच्या गाठीही या जातीत जास्त. आयुष्य साधारण दहा-बारा वर्षं. म्हणून विक्रेत्याला सर्टिफिकेटच्या आधी हे विचारा: आई-बापाची होल्टर तपासणी, म्हणजे २४ तासांचा ईसीजी, झालाय का? आणि अंगावर छोटी गाठ लागली तरी "बघू पुढच्या महिन्यात" करू नका.

शेवटची सूचना, स्क्रीनशॉट काढून ठेवा. एसप्रोमेझीन नावाचं गुंगीचं औषध काही बॉक्सरना सोसत नाही, रक्तदाब एकदम कोसळतो. डॉक्टरांना बहुतेक माहीत असतंच, तरी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा. पुढच्या भागात बॉक्सरचं खाणं घेऊ. प्रश्न कमेंटमध्ये टाका, आणि पिल्लाचं वय लिहायला विसरू नका.