टीबीच्या गोळ्या आणि घरचं जेवण

श्रोतेहो, नमस्कार. टीबीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, त्या मध्येच सोडायच्या नसतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज बोलू जेवणाबद्दल.

इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ पॅपवर्थ नावाचं गाव आहे. १९१८ साली डॉ. पेंड्रिल व्हॅरिअर-जोन्स यांनी तिथे टीबीच्या पेशंटांची वसाहत उभी केली. तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं. त्यांनी पेशंटला बायकोमुलांसकट राहायला घर दिलं. झेपेल तेवढे तास सुतारकाम, ट्रंका बनवणं, छपाई. त्याची मजुरी, हवेशीर खोल्या, पोटभर जेवण. बापाच्या बेडक्यात जंतू, आणि मुलं त्याच घरात वाढताहेत! मुलांना संसर्ग झाला, हातावर टोचून केलेल्या तपासणीत तो दिसलाही. पण आजार? तो फारच थोड्यांना झाला. पुन्हा सांगते, संसर्ग झाला, आजार क्वचित झाला.

डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांनी ही जुनी आकडेवारी २०१२ साली पुन्हा तपासली, आणि पुढे झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० पेशंटांवर मोठी चाचणी केली. प्रत्येक पेशंटला दरमहा ५ किलो तांदूळ, ३ किलो सातू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, दीड किलो दूध पावडर, अर्धा लिटर तेल. सुमारे निम्म्या पेशंटांच्या घरच्यांनाही माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ. २०२३ साली निकाल आला: ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्या टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. घरच्यांच्या ताटात डाळ वाढली, टीबी घटला. ताकदीच्या महागड्या डब्यांवर पैसे घालवणाऱ्यांनी हा शिधा जरूर पाहावा. किराणा दुकानात मिळतं ते सगळं.

आता वजन. याच चाचणीत उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या पेशंटांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांना मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे ४० किलोच्या माणसाचं दोन महिन्यांत २ किलो वाढायला हवं. चूक होते ती इथेच: खोकला थांबला की वजन करणं थांबतं. दरमहा, त्याच काट्यावर, चपला काढून वजन करा आणि कार्डावर लिहा. वाढत नसेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. रक्तातली साखरही तपासून घ्या. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये पेशंटच्या बँक खात्यात येतात. येत नसतील, तर आशाताईंकडे आधार आणि पासबुक घेऊन जा.