पाच पिंपं पाणी

नमस्कार श्रोतेहो. प्रेअरी डॉग म्हटल्यावर कुत्रा डोळ्यांपुढे आणू नका. हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी. मुक्काम उत्तर अमेरिकेतल्या गवताळ माळांवर. पुन्हा सांगतो, खारीचा भाऊबंद. धोका दिसला की भुंकतो, एवढंच.

आता गोष्ट ऐका. सप्टेंबर 1804. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी पश्चिमेचा मुलूख पाहायला पाठवलेली लुईस आणि क्लार्क यांची मोहीम मिसुरी नदीतून वर निघाली होती. आजच्या नेब्रास्कात एका टेकाडाच्या पायथ्याशी बिळंच बिळं दिसली. एक तरी जिवंत धरायचाच, म्हणून मंडळींनी खणायला घेतलं. सहा फूट खणलं. आत काठी घालून पाहिली, तर निम्म्यावरही पोचले नव्हते! मग पाणी ओतायला लागले. एका बिळात पाच पिंपं ओतली. पाच पिंपं, श्रोतेहो, तरी बीळ भरेना! अखेर पाण्याच्या लोंढ्यानं एक बाहेर आला आणि सापडला.

पुढच्या वसंतात त्यांनी असाच एक जिवंत प्रेअरी डॉग जेफरसनना भेट धाडला. सोबत चार मॅगपाय पक्षी. नदीतून, मग समुद्रातून, महिनोन्‌महिने प्रवास. पोचले किती? हा पठ्ठ्या आणि एक मॅगपाय. भेट असावी तर अशी, लक्षात राहणारी! नाहीतर आपले सत्कार. त्या शालींचं पुढे काय होतं, कोणी सांगेल का? माझ्या कपाटात तर आता जागा नाही.

असो. बीळ भरेना, कारण आत लांबलचक बोगदे आणि बाजूला खोल्या. तोंडाशी मातीचा उंचवटा, त्यानं पावसाचं पाणी अडतं. एक तोंड उंच, दुसरं सखल असलं की वारा सखल तोंडातून शिरतो नि उंच तोंडातून निघतो. पंखा नको, वीज नको. मी म्हणतो, आपल्या बिल्डरांनी एकदा जाऊन पाहावं.

आणि ते भुंकणं. अ‍ॅरिझोनात प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कॉन स्लोबोडचिकॉफ यांनी वर्षानुवर्षं ते ध्वनिमुद्रित केलं. ससाण्यासाठी हाक वेगळी, कोयोट या कोल्ह्यासारख्या प्राण्यासाठी वेगळी, माणसासाठी वेगळी. त्यातही माणसाचा शर्ट पिवळा की निळा, यावर हाक बदलते, असं त्यांना आढळलं. शर्टाचा रंग, बरं का! गुराखी मात्र या प्रेअरी डॉगांवर चिडून. गुरांचं गवत खातात म्हणून कित्येक वर्षं विष घातलं. त्यात काळ्या पायांचा फेरेट, म्हणजे मुंगसासारखा एक छोटा शिकारी प्राणी, जवळजवळ संपला, कारण त्याचं पोट यांच्यावरच चालतं. वेळ झाली. नमस्कार.