ठोकळा आधीच अरुंद होता

(पलात्सो वेक्कियोचा कोपरा. कॅमेरा पाण्यावरून वर सरकतो.)

फ्लॉरेन्सच्या कारंज्यातला हा नेपच्यून, रोमन समुद्रदेव. कर्राराचा संगमरवर, उंची साडेपाच मीटरच्या आसपास, शिल्पकार बार्तोलोमेओ अम्मानाती. चेहरा फ्लॉरेन्सचा राज्यकर्ता ड्यूक कोझिमो याच्याशी मिळताजुळता. गावातले लोक याला ‘बियांकोने’ म्हणतात, पांढरा धिप्पाड. आणि अम्मानातीने चांगल्या दगडाची माती केली, असा टोमणाही पिढ्यानपिढ्या मारत आलेत.

(खांदे आणि दंड, जवळून.)

छाती भरदार, पण खांदे त्या मानाने आखूड. हात धडापासून फार लांब जात नाहीत. नवख्याचं काम वाटतं ना? हे दगडाचं माप आहे.

काम मुळात शिल्पकार बाच्चो बांदिनेल्लीकडे होतं. त्याचा प्रतिस्पर्धी शिल्पकार चेल्लिनी याने ठोकळा मोजला तेव्हा तो साडेदहा ब्राच्चो (तिथलं जुनं माप) उंच आणि पाच रुंद भरला, म्हणजे सुमारे सहा मीटर बाय तीन. पुढे बांदिनेल्लीने तो तासला, इतका की दुसऱ्या कुणाला त्यातून धड काही काढता येऊ नये, असं चेल्लिनी आत्मचरित्रात लिहितो. दोघांचं हाडवैर, तेव्हा हेतूबद्दलचं त्याचं म्हणणं जपूनच घ्यावं. १५६० मध्ये बांदिनेल्ली वारला, स्पर्धा झाली, आणि तासलेला दगड अम्मानातीच्या पदरात पडला.

मातीत चूक झाली तर भर घालता येते. संगमरवर टाकीखाली फक्त कमी होतो. हात बाहेर फेकायचा तर तेवढी जाडी ठोकळ्यात आधीच हवी. आणि जाडी असली तरी हा दगड दाब सोसतो, ताण फारसा सोसत नाही; लांब काढलेला हात स्वतःच्याच वजनाने खांद्यापाशी तडकू शकतो.

(पाय. कॅमेरा खाली थांबतो.)

सगळ्यात धोक्याची जागा घोट्यांची. वरचं सगळं वजन तिथल्या बारीक कापावर येतं. म्हणून मांड्यांखाली हे छोटे ट्रायटन, नेपच्यूनच्या परिवारातले समुद्रदेव. शंख फुंकणारी पोरं दिसतात, काम करतात टेकूचं. हा दगड काढला असता तर मूर्ती उभी राहिली नसती.

याच चौकात मायकेलअँजेलोच्या डेव्हिड या पुतळ्याची प्रतिकृती आहे. मूळ डेव्हिडचा दगडही आधी दुसऱ्याने टाकी लावून सोडलेला. त्याने त्याच अडचणीतून जिवंत माणूस काढला. अम्मानातीला ते साधलं नाही, हे मान्य.

(हौदाच्या कडेचे ब्राँझ. पाणी. हळू गती.)

पण आता हे पाहा. हौदाच्या कडेला ब्राँझच्या जलदेवता ऐसपैस टेकल्यात, सॅटिर (बकऱ्याच्या पायांचे वनदेव) पाय पसरून बसलेत, एकाचाही हात अंगाला बांधलेला नाही. हेही अम्मानातीच्या देखरेखीखालचंच काम. ब्राँझ ओतीव, आतून पोकळ. त्याचा हात हवा तेवढा लांब जातो. फरक कारागिरापेक्षा मालाचा.

(घोडे, रथाचं चाक.)

रथाच्या चाकावर राशी कोरल्यात. घोडे दोन पांढऱ्या दगडाचे, दोन रंगीत.

१५६५ मध्ये राजपुत्राच्या लग्नासाठी नेपच्यून उभा राहिला, बाकीचं कारंजं पुढे दहाएक वर्षांनी पुरं झालं. २००५ मध्ये एक तरुण वर चढला आणि मूर्तीच्या हाताचा पंजा तुटला. २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती संपली, पाणी पुन्हा सुरू झालं.