तोच ब्लॉक, ७ मिलिमीटर जास्त

हा कोपरा नीट बघा. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याच्या, पुढच्या टोकाला, उजव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) जरा पुढे, एक छोटीशी सपाट जागा आहे आणि तिच्यावर आकडे ठोकलेत. १९६९ च्या शेवरोले कॅमॅरोचं हे इंजिन, आणि हे आकडे गाडीच्या नंबरशी जुळतात, म्हणजे फॅक्टरीतून ती याच इंजिनावर बाहेर पडली. डेट्रॉईटजवळच्या या गॅरेजमधले आजोबा मशीनवाल्याला दोनदा बजावून आले, बोअर मार (सिलिंडर रुंद कर), होनिंग कर (आतून गुळगुळीत कर), पण ब्लॉकचा वरचा भाग घासू नकोस, आकडे जातील. नवं रेडीमेड इंजिन पेटीतून काढून पटकन बसवता येतं, ताकदही जास्त मिळते, पण मग ही गाडी ती गाडी राहत नाही. म्हणून याच ब्लॉकमध्ये स्ट्रोक वाढवून इंजिन मोठं करायचं.

स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा वरखाली प्रवास. ३५० क्युबिक इंचाच्या या इंजिनात तो ३.४८ इंच, मोठा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, घातला की ३.७५. फरक जेमतेम ७ मिलिमीटरचा! सोबत सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ४ इंचावरून ४.०३ केला की आठ सिलिंडर मिळून ३८३ क्युबिक इंच होतात, म्हणजे ५.७ लिटरचं इंजिन जवळपास ६.३ लिटरचं. पूर्वी पोरं शेवरोलेच्याच ४०० च्या इंजिनाचा क्रँक भंगारातून उचलून आणायची, त्याचे मेन जर्नल, म्हणजे ब्लॉकमध्ये टेकून फिरणारे गोल भाग, जाड, २.६५ इंचाचे, ते घासून २.४५ वर आणले की ३५० मध्ये बसायचा. आता तयार क्रँक मिळतो. पिस्टन मात्र वेगळे लागतात, रॉडला जोडणारी पिन वर सरकवलेली, नाहीतर पिस्टन थेट हेडला धडकेल.

आणि आता हे काम बघा, सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. स्ट्रोक वाढल्यामुळे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा बोल्ट ब्लॉकच्या खालच्या काठाला लागतो. म्हणून रॉड बसवायचा, क्रँक हाताने हळूहळू फिरवायचा, टेकला की मार्करने खूण करायची, सगळं परत काढायचं, ग्राइंडरने थोडंसं घासायचं आणि पुन्हा बसवून बघायचं. साधारण दीड मिलिमीटरची फट हवी. आजोबा जाड जेम क्लिप सरळ करून ती तार मध्ये घालून बघतात, अडकली की परत ग्राइंडर. घाई केली तर संपलंच, कारण पलीकडे पाण्याची वाट आहे, भिंतीला भोक पडलं की ब्लॉक हातचा गेला. असं आठही सिलिंडरला. वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला रॉड घासत नाही ना, तेही एकेक करून.

पेट्रोल जास्त जातं, जुन्या गिअरबॉक्सवर आणि मागच्या एक्सलवर ताण येतो, हेही खरं.

पिस्टनवरच्या रिंगा दाबून, हातोडीच्या लाकडी दांड्याने टक टक करत शेवटचा पिस्टन आत गेला. रंग मारायच्या आधी आजोबांनी आकड्यांची ती जागा चिंधीने पुसली, तेलाचं बोट फिरवलं, परत पुसलं आणि वर चिकटपट्टी लावली.