शिवणयंत्रवाल्यांची पाचशे पिस्तुलं

(पडद्यावर: पिस्तुलाची डावी बाजू, अगदी जवळून. कॅमेरा हळूहळू अक्षरांवर सरकतो.)

पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या पोलादी भागाला स्लाइड म्हणतात. या स्लाइडवर दोन ओळी ठोकलेल्या आहेत. वरच्या ओळीत 'एस.' आणि त्यापुढे मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं लघुरूप. खालच्या ओळीत गावाचं नाव : एलिझाबेथ, न्यू जर्सी.

एस. म्हणजे सिंगर. हो, तीच. काळं कुळकुळीत अंग, त्यावर सोनेरी अक्षरं, खाली लोखंडी पायडल. एकोणिसाव्या शतकात पटेल नावाच्या पारशी एजंटांनी मुंबईतून जिचा धंदा देशभर पसरवला, आणि मग शिंप्याच्या दुकानापासून माजघरापर्यंत जी सगळीकडे पोहोचली, ती सिंगर.

त्या सिंगरने पिस्तुलंही केली. फक्त ५००.

(पडद्यावर: १९३०च्या दशकातला अमेरिकी कारखाना, कामगारांच्या रांगा.)

गोष्ट १९३८मध्ये सुरू होते. युरोपात युद्धाचे ढग जमत होते आणि अमेरिकेच्या लष्कराला एक घोर लागला होता. आपल्याकडे हत्यारं करणारे कारखाने मोजकेच. उद्या लाखांनी बंदुका लागल्या तर करणार कोण? म्हणून त्या वर्षी कायदा झाला, की ज्यांचा शस्त्रांशी संबंध नाही अशा कारखान्यांनाही सरकारने छोटी ऑर्डर द्यावी. माल किती मिळतो हा मुद्दा नव्हताच. कारखान्याने साचे, भाग पकडून ठेवणारे जिग, मापं तपासणारे गेज तयार करावेत, कारागीर घडवावेत आणि मोठ्या प्रमाणावर हे काम कसं करता येईल ते सरकारला दाखवून द्यावं. या ऑर्डरला नावच होतं 'एज्युकेशनल ऑर्डर'. शिकवणीच म्हणा ना.

१९४० साली सिंगरला अशी ऑर्डर मिळाली. माल : एम १९११ ए १ पिस्तूल. जॉन ब्राउनिंग यांची रचना, लष्कराने १९११ साली स्वीकारलेली. पॉइंट ४५ इंचाची गोळी, मॅगझिनमध्ये सात काडतुसं, रिकाम्या पिस्तुलाचं वजन १,१०० ग्रॅमच्या आसपास. पुढे १९८५पर्यंत हेच अमेरिकी लष्कराचं अधिकृत पिस्तूल राहिलं.

सिंगरची पाचशे पिस्तुलं डिसेंबर १९४१मध्ये पूर्ण झाली. त्याच महिन्यात पर्ल हार्बरवर हल्ला झाला. आता तर लाखांनी पिस्तुलं हवी होती, आणि सिंगरने हात आखडता घेतला! पिस्तुलांचं काम सोडून कंपनी विमानविरोधी तोफांचे 'डिरेक्टर' करायला लागली. विमान कुठे आहे, काही क्षणांनी कुठे असेल, तोफेचं तोंड कुठे वळवायचं, हा सगळा हिशेब दातेरी चाकांवर करणारं हे यंत्र. सिंगरचं काम इतकं बारीक आणि नेमकं होतं की असल्या हातांनी पिस्तुलं करणं म्हणजे कौशल्य वाया घालवणं असं लष्कराला वाटलं, अशी एक गोष्ट संग्राहक मोठ्या कौतुकाने सांगतात. असेलही. विकणाऱ्याला सोयीची आहे एवढं खरं.

मग पिस्तुलं केली कुणी? हत्यारवाल्या कोल्टने तर केलीच. शिवाय शॉटगनवाल्या इथाकाने, रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने आणि टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने. एकट्या रेमिंग्टन रँडने नऊ लाखांच्या आसपास पिस्तुलं काढली. टायपिंगच्या परीक्षेला बसलेल्या आपल्याकडच्या पिढ्यांना हे नाव वेगळ्याच कारणाने पाठ आहे.

(पडद्यावर: दोन पिस्तुलं शेजारी शेजारी. एक राखाडी, एक निळसर काळं.)

डावीकडचं राखाडी, खरबरीत दिसणारं पिस्तूल युद्धाच्या घाईतलं. त्या फिनिशला पार्करायझिंग म्हणतात. टिकाऊ, गंजाला दाद न देणारं, दिसायला रुक्ष. उजवीकडचं सिंगरचं. त्यावर निळा चढ आहे, ब्लूइंग. दिवा फिरवला की कडांवरून निळी झाक सरकत जाते. डाव्या अंगाला तपासनिसाची आद्याक्षरं आहेत, जे. के. सी. : कर्नल जॉन के. क्लेमंट. उजवीकडे क्रमांक. तो एस ८००००१ ते एस ८००५०० यांच्यातलाच असायला हवा.

यातलं एक पिस्तूल २०१७ साली अमेरिकेत लिलावात निघालं. बोली थांबली तेव्हा आकडा होता ४ लाख १४ हजार डॉलर.

एवढ्या पैशांत घेतलेल्या पिस्तुलातून गोळी झाडायची? मालक नाहीच म्हणतो. आणि त्याची कारणं नुसती हळवी नाहीत.

पहिलं कारण धातूचं. गोळी सुटली की स्लाइड मागे धडकते आणि स्प्रिंगच्या जोराने परत पुढे येते. युद्धकाळातल्या स्लाइडला पूर्ण लांबीभर पाणी दिलेलं नसे, ठरावीक भागच कडक केलेले असत. ऐंशी वर्षांच्या अशा स्लाइडला तडा जाऊ शकतो. साध्या पिस्तुलाची स्लाइड बदलता येते. सिंगरची बदलली, की ते सिंगर उरलंच कुठे? काडतुसावर आघात करणाऱ्या फायरिंग पिनसारखा चिमुकला भाग तुटला तरी तेच रडगाणं.

दुसरं कारण चढाचं. स्लाइड मागेपुढे होते तशी नळीच्या तोंडाशी घासत राहते आणि तिथला निळा रंग उडून पांढरी कडा दिसायला लागते. ती कडा किती रुंद आहे यावरून जाणकार सांगतो, हे पिस्तूल किती चाललंय.

आणि तिसरं कारण मला सगळ्यात मजेशीर वाटतं.

(पडद्यावर: स्लाइड स्टॉप फ्रेमच्या भोकात बसवणारी बोटं.)

गोळी झाडली की साफसफाई आली. साफसफाई म्हणजे पिस्तूल खोलणं. खोलणं सोपं आहे, गोची जोडताना होते. स्लाइड स्टॉप नावाची ही पट्टी भोकात घालून वर फिरवावी लागते. आत एक बारीक स्प्रिंगची खुंटी आडवी येते. बोट जरा घसरलं, की पट्टीचं टोक फ्रेमवर, म्हणजे मुठीसकटच्या खालच्या सांगाड्यावर, कमानीसारखा ओरखडा उमटवतं. जुन्या हजारो पिस्तुलांवर हा ओरखडा सापडेल. सैनिकाला त्याचं काय सोयरसुतक? आज मात्र बोटभर लांबीच्या त्या रेघेने किंमत हजारो डॉलरनी उतरते. म्हणून कित्येक मालक गोळी तर झाडत नाहीतच, पिस्तूल खोलतसुद्धा नाहीत.

मग करतात काय? हातात सुती किंवा नायट्राइलचे मोजे घालतात, कारण घामातल्या क्षाराने ब्लूइंगवर बोटाच्या ठशाचाच गंज उमटतो. तेलाचा किंवा मेणाचा पातळ हात देतात. तिजोरीत ओल धरू नये म्हणून सिलिका जेल ठेवतात. आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये कधीही ठेवत नाहीत. चामडं ओल शोषतं, त्यात कमावताना वापरलेली रसायनं असतात, दोन्ही मिळून चढ खातात. पिस्तूल कमरेला लावायचं म्हणून जे शिवलं, तेच त्याचं वैरी.

(पडद्यावर: लष्करी दुरुस्ती आगार. सुट्या भागांचे ढीग.)

पाचशे म्हणजे अगदीच थोडी नव्हेत. मग मूळ रूपातलं सिंगर एवढं दुर्मीळ का? उत्तर या पिस्तुलाच्या गुणातच आहे. लष्कराची अटच होती, की कुठल्याही कारखान्याचा भाग दुसऱ्या कुठल्याही कारखान्याच्या पिस्तुलात बसला पाहिजे. दुरुस्ती आगारात पिस्तुलं आली की खोलून सगळे भाग एकत्र टाकायचे, तपासायचे, हाताला येईल त्यातून पुन्हा जोडायचे. कोल्टच्या फ्रेमवर सिंगरची स्लाइड, सिंगरच्या फ्रेमवर रेमिंग्टनची. लढणाऱ्या माणसाला हे वरदानच होतं, नावाशी त्याला देणंघेणं नव्हतं. शिवाय अशी पिस्तुलं नव्याने पार्करायझिंग करून बाहेर पडायची. मूळ निळा चढ कायमचा गेला.

१९६०च्या दशकात अमेरिकी सरकारने अशी जुनी पिस्तुलं नागरिकांना टपालाने विकली, वीस डॉलरच्याही आत. कुठल्या कारखान्याचं वाट्याला येईल ते खोकं उघडल्यावरच कळायचं.

थोडक्यात, सिंगरची जी पिस्तुलं खरोखर राबली, ती बाजाराच्या दृष्टीने बाटली. जी कुणाच्या तरी खणात कामाशिवाय पडून राहिली, त्यांना लाखो डॉलर. मला विचाराल तर चिखलात लोळलेलं, तीन कारखान्यांच्या भागांनी पुन्हा उभं राहिलेलं पिस्तूल जास्त बोलकं आहे. पण लिलावात माझं मत कोण विचारतो!

अदलाबदलीच्या याच गुणाचा फायदा नक्कल करणाऱ्यांनीही उचलला. दुसऱ्या पिस्तुलाचा जुना ठसा घासून त्यावर सिंगरचा ठोकायचा, वर नवा निळा चढ. खोटं काम कडांवर पकडलं जातं : घासलेल्या स्लाइडच्या धारा किंचित गोल होतात, ठशाभोवतीचा पृष्ठभाग सपाट राहत नाही, आणि नव्या ब्लूइंगखाली जुन्या खड्ड्यांचे डाग दिसतात. त्यामुळे खरेदीदार आधी भिंग काढतो, मग क्रमांक नोंदींशी ताडून बघतो, मग पिस्तूल आजवर कुणाकुणाकडे होतं ते विचारतो. नीट चालतं का, हा प्रश्न आलाच तर सगळ्यात शेवटी.

(पडद्यावर: नेमबाजीचं मैदान, कानांवर मफ लावलेला माणूस.)

आणि ज्याला ब्राउनिंगच्या पिस्तुलाचा तो जोरदार धक्का हातावर घ्यायचाच असतो, तो सरळ एखादं भाग बदललेलं रेमिंग्टन रँड किंवा नवंकोरं १९११ घेऊन मैदानावर जातो. शंभर गोळ्या झाडतो, घरी येऊन बिनधास्त खोलतो, तेलपाणी करतो. ओरखडा पडला तर पडला.