सीझनच्या पहिल्या रेसचा निकाल कसा वाचायचा

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे खुर्च्या आहेत अजून. मंडळाने मला विषय दिला होता "मुलांसाठी माउंटन बायकिंग", पण तो एवढा मोठा आहे की तासाभरात काहीच धड होणार नाही. म्हणून मी आज फक्त सीझनच्या सुरुवातीच्या दोन-तीन रेसेसबद्दल बोलणारे, कारण माझ्या पाहण्यात आपल्या घरांतली मुलं टीम सोडतात ती याच दिवसांत, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं, पहिल्या रेसचा निकाल आणि त्यावर घरी झालेलं बोलणं.

आधी थोडं मागचं सांगते, नवीन पालक बरेच दिसतायत. आपल्या नॉर्दर्न कॅलिफोर्नियात हायस्कूलच्या मुलांची माउंटन बाइक लीग २००१ मध्ये सुरू झाली, बर्कली हायस्कूलमधले गणिताचे शिक्षक मॅट फ्रिट्झिंगर यांच्या पुढाकाराने, आणि मग २००९ मध्ये त्यातूनच नायका ही देशभराची संस्था उभी राहिली. नायकाचा एक नियम मला फार म्हणजे फार आवडतो, इथे बेंचवर कोणी बसत नाही. बास्केटबॉल, सॉकरमध्ये निवड होते, निवड झाली तरी अर्धी मुलं कडेला बसून टाळ्या वाजवतात, इथे टीममध्ये आलेला प्रत्येक जण स्टार्ट लाइनवर उभा राहू शकतो. आम्ही कोच लोक सगळे हौशी, पगार नाही, पण फर्स्ट एड करावं लागतं, डोक्याला मार बसला तर काय बघायचं त्याचं ट्रेनिंग घ्यावं लागतं, मग ट्रेलवर मुलं सोबत न्यायची परवानगी मिळते.

आणि हा खेळ आपल्या दारातला आहे हो. इथून सॅन फ्रान्सिस्को खाडीवरचा पूल ओलांडून मरीन काउंटीत गेलं की फेअरफॅक्सजवळ एक उताराचा कच्चा रस्ता आहे, त्याला रिपॅक म्हणतात. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे काही पोरांनी जुन्या, जड, एका गियरच्या सायकली घेऊन खाली उतरायची पहिली रेस लावली, मागच्या चाकाचा ब्रेक तापून आतलं ग्रीस जळून जायचं आणि मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरायला लागायचं, त्यावरूनच नाव पडलं. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही मंडळी तिथलीच. हौशीच होते सगळे. तर आपली मुलं जे करतायत ते काही परक्याच्या अंगणात जाऊन करत नाहीयेत.

आता मुद्द्यावर येते. सीझनची सुरुवात इथे थंडी-पावसात होते. ट्रेनिंग डिसेंबर-जानेवारीत आणि रेसेस फेब्रुवारीचा शेवट, मार्चपासून मे पर्यंत. कॅलिफोर्नियाचा पाऊस हिवाळ्यात पडतो हे तुम्हाला माहितीये, पण त्याचा रेसशी संबंध कसा ते बघा. आपल्या साउथ बे आणि ईस्ट बेच्या डोंगरांत बऱ्याच ठिकाणी जी माती आहे ना, ती आपल्या देशावरच्या काळ्या मातीची चुलत बहीण, अडोबी म्हणतात तिला, पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसानंतर त्यावर सायकल घातली की पन्नास फुटांत चाक आणि फ्रेमच्या मधे एवढा चिखल बसतो की चाक फिरतच नाही, उचलून न्यावी लागते, वर ट्रेलची वाट लागते ती वेगळीच. म्हणून सँटा क्लारा काउंटीची पार्कं पाऊस पडला की सायकलींना ट्रेल बंद करतात आणि वाळेपर्यंत उघडत नाहीत. मग आमची प्रॅक्टिस रस्त्यावर, नाहीतर कुणाच्या तरी गराजमध्ये ट्रेनरवर, म्हणजे सायकल अडकवून जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर.

म्हणूनच सुरुवातीच्या रेसेस कुठे होतात ते बघा. माँटेरीजवळचं फोर्ट ऑर्ड, सॅक्रामेंटोच्या पलीकडे फोल्सम लेकच्या काठचं ग्रॅनिट बे, अशा जागा. फोर्ट ऑर्डला वाळू आहे, जुन्या वाळूच्या टेकड्यांवरच उभं आहे ते, आणि ग्रॅनिट बेला नावाप्रमाणे झिजलेल्या ग्रॅनाइटची भरड. दोन्हीकडे पाणी खाली निथळून जातं, रात्री पाऊस पडला तरी सकाळी चालवता येतं, उलट ओली वाळू कोरड्यापेक्षा जास्त घट्ट धरते. तुमच्या मुलाची पहिली रेस कुठल्या डोंगरावर होणार हे मातीने ठरवलेलं असतं.

फोर्ट ऑर्डबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तो पूर्वी लष्कराचा तळ होता, १९९४ मध्ये बंद झाला आणि २०१२ मध्ये त्यातला मोठा भाग नॅशनल मॉन्युमेंट झाला. ट्रेल सुंदर आहेत, ओकच्या झाडांतून वळत जातात, पण काही भागाला अजून कुंपण आहे, आत न फुटलेला दारूगोळा आहे म्हणून. प्री-राइडला, म्हणजे रेसआधी कोर्स चालवून बघतो तेव्हा, मी मुलांना त्या पाट्या थांबून वाचायला लावते. शॉर्टकट, फोटो, बाटली उडाली, काहीही कारण असो, कुंपणापलीकडे पाय नाही टाकायचा.

दुसरी गोष्ट पॉइझन ओक. आपल्याकडे बिबा उततो ना, तेच कूळ आणि तसाच त्रास. फेब्रुवारीत त्याला पानंच नसतात, नुसत्या काड्या दिसतात, मुलांना वाटतं वाळकं झुडूप आहे, पण काडीतही तोच तेलकट रस असतो. पानं फुटतात तेव्हा तीन-तीनच्या झुबक्यात, लालसर आणि चकचकीत. रेस संपली की गार पाणी आणि साबणाने हातपाय धुवायचे, ग्लोव्हज आणि जर्सी वेगळी धुवायची, हँडलबार पुसायचा, कारण तो रस वस्तूंवर खूप दिवस राहतो आणि मग रेसला न आलेल्या धाकट्या भावालाच पुरळ उठतं.

हां, तर रेस. स्टार्टला गटागटाने सोडतात, नववीची मुलं वेगळी, व्हर्सिटी म्हणजे सगळ्यात वरचा गट वेगळा, मुली वेगळ्या. पहिल्या रेसला मागच्या सीझनच्या गुणांवर पुढच्या रांगा लागतात, म्हणजे नवीन मूल मागेच असणार. सुरुवातीला रुंद रस्ता असतो, सगळे जीव खाऊन पळवतात, आणि मग एकदम सिंगलट्रॅक, एका वेळी एकच सायकल जाईल एवढी वाट, तिथे ट्रॅफिक जॅम. मागचं मूल तिथे पोचतं तेव्हा आधीच धापा टाकत असतं, पुढे जाता येत नाही, मग ते चिडतं, चढावर जागा दिसली की उठून जोर लावतं, आणि दुसऱ्या लॅपच्या, म्हणजे कोर्सच्या दुसऱ्या फेरीच्या, पहिल्या चढाला पाय भरून येतात. हे मी दर वर्षी बघते. आळशी मुलांचं होतं असं नाही, उलट सगळ्यात मनापासून खेळणाऱ्या मुलांचं जास्त होतं.

ते सीझनच्या सुरुवातीलाच एवढं का होतं? कारण हिवाळ्यात आम्ही त्यांना मुद्दाम सावकाश चालवायला लावलेलं असतं, शेजारच्याशी गप्पा मारता येतील एवढ्याच जोरात. तो पाया असतो, तो लागतोच, पण जोराच्या कामाची सवय अजून झालेली नसते. दुसरं म्हणजे उजेड. डिसेंबरात पाचला अंधार, शाळा सुटून मूल ट्रेलवर पोचेपर्यंत सूर्य टेकलेला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे जातात आणि त्या आठवड्यापासून संध्याकाळचा एक अख्खा तास मिळतो, खरी तयारी तिथून पुढे होते. म्हणजे सुरुवातीच्या निकालात कुणात किती दम आहे हे कमी दिसतं आणि कुणाला हिवाळ्यात सायकल चालवायला मिळाली हे जास्त दिसतं. ज्याच्या घरामागेच डोंगर आहे, ज्याला मोठी बहीण आहे जी तीन वर्षं रेस करतेय, तो पुढे असणारच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतेय, की मार्चमध्ये "कितवा आलास?" हा प्रश्न बाजूला ठेवा आणि लॅपचे टाइम बघा. निकालाच्या पानावर प्रत्येक लॅपची वेळ वेगळी दिलेली असते, पण कोणी बघतच नाही, सगळे पहिला कॉलम बघून फोन खिशात टाकतात. आमच्या टीममधली एक नववीची मुलगी घ्या. पहिल्या रेसला चौदावी आली, पहिली लॅप ३१ मिनिटं, दुसरी ३८. पुढच्या रेसला सोळावी आली. घरी सगळे हिरमुसले, दोन नंबर खाली गेली म्हणून. पण लॅप बघितल्या तर ३४ आणि ३५. म्हणजे तिने स्टार्टला स्वतःला आवरलं होतं, दुसऱ्या लॅपमध्ये चढावर चार जणींना मागे टाकलं होतं, आणि नंबर खाली गेला कारण त्या दिवशी मोठ्या टीम पूर्ण ताकदीने आल्या होत्या. कोर्स वेगळा, माती वेगळी, त्यामुळे या रेसचे ३४ आणि त्या रेसचे ३१ एकमेकांशी ताडून बघू नका, त्याच रेसमधल्या दोन लॅपमधलं अंतर बघा. सातावरून एकावर. माझ्यासाठी टीममधली त्या महिन्यातली सगळ्यात मोठी बातमी ती होती आणि मी ती सगळ्यांसमोर तंबूत वाचून दाखवली.

वरच्या पातळीवरही हेच चालतं. केट कोर्टनी याच आपल्या लीगमध्ये हायस्कूलला असताना रेस करायची, २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लेन्झरहायडेला ती वर्ल्ड चॅम्पियन झाली, तेव्हा डेन्मार्कची आनिका लांगवाड बराच वेळ पुढे होती आणि केटने तिला शेवटच्या लॅपमध्ये गाठून मागे टाकलं. एलिट गटातली तिची ती पहिलीच वर्ल्ड चॅम्पियनशिप. शेवटच्या लॅपसाठी पायात काही उरलेलं असणं ही शिकायची गोष्ट आहे, आणि ती शिकायला मार्चसारखा महिना नाही.

टीमच्या गुणांचंही ऐका. टीमचा स्कोअर मुलगे आणि मुली मिळून होतो, नुसत्या मुलग्यांच्या जोरावर पूर्ण गुण होत नाहीत, त्यामुळे मागून तिसरी आलेली मुलगीसुद्धा टीमसाठी गुण घेऊन येते. आपल्या मंडळातल्या मुली अजून कमी येतात. का येत नाहीत माहिती नाही असं म्हणायची सोय नाही आपल्याला, पडेल, लागेल, काळवंडेल, हे आपल्याच घरात बोललं जातं. पडतात, सगळेच पडतात, म्हणून तर आम्ही पहिले कितीतरी आठवडे गवतावर नुसतं वळायला आणि ब्रेक मारायला शिकवतो.

आता पालकांनी काय करायचं. सायकल बघा, रेसच्या आदल्या रात्री नको, दोन आठवडे आधी. हिवाळाभर उभी असलेली ट्यूबलेस चाकं असतील तर आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, सुकलेलं असतं, वरून काही कळत नाही, हवाही टिकते, पण पहिला काटा लागला की भोक बुजत नाही आणि मूल सायकल ढकलत येतं. पहिल्या रेसची बहुतेक पंक्चरं अशीच असतात. मग चेन ताणली गेलीय का ते गेजने बघा, ब्रेक पॅड बघा, ओल्या रेतीत ते भराभर झिजतात, आणि गियर बदलणारा मागचा डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो हँगर वाकलाय का बघा, गाडीत सायकल आडवी टाकली की हमखास वाकतो. तुमच्या सायकलचा एक हँगर जास्तीचा घेऊन ठेवा, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, ऐन वेळी मिळत नाही.

आणि हवा! बाबा मंडळी प्रेमाने पंप घेऊन चाळीस पीएसआय मारून देतात. पंचेचाळीस-पन्नास किलोच्या मुलाला रुंद ट्यूबलेस टायरमध्ये अठरा-वीस पुष्कळ झाली. जास्त हवा म्हणजे वाळूत पुढचं चाक घसरणार, मुळांवरून उडणार, आणि मूल म्हणणार मला उतार जमत नाही. हवा कमी केल्यावर त्याच मुलाला तोच उतार जमलेला मी स्वतः बघितलाय.

खाण्याचं थोडक्यात. स्टार्टच्या तीन तास आधी नेहमीचं जेवण, पोहे, उपमा, काहीही सवयीचं, नवीन काही नको. मग अर्धा तास आधी केळं. रेस तास-दीड तासाची, त्यात साखर घातलेलं पाणी पुरतं. चिक्की आणि लाडू नंतर, चढावर दाण्याची चिक्की चावत श्वास घेता येत नाही. आणि फोर्ट ऑर्डला सकाळी समुद्रावरून धुकं येतं, मुलं कुडकुडत रांगेत उभी असतात, तेव्हा जुना स्वेटशर्ट द्या आणि शिट्टीच्या आधी परत घ्यायला कुणीतरी तिथे उभे रहा.

कोर्सवर मार्शल म्हणून उभं राहायला प्रत्येक टीमला पालक द्यावे लागतात. तुम्ही नाव द्या. फिनिश लाइनवर फक्त पहिले दिसतात, एखाद्या चढाच्या डोक्यावर तासभर उभे राहिलात की शेवटचं मूल कसं चढतं ते दिसेल, आणि मग लॅपचे आकडे वाचताना त्यामागे काय आहे ते तुम्हाला मी सांगायची गरज पडणार नाही.

मघाशी एका काकांनी विचारलं सायकल कोणती घ्यायची. पहिल्या वर्षी नवी घेऊ नका. पुढे सस्पेन्शन, मागे नाही, एकोणतीस इंची चाकं, चालू स्थितीतले हायड्रॉलिक ब्रेक, मापाची फ्रेम, बास. वाढेल म्हणून मोठी घ्यायची नाही, कपड्यांचं वेगळं, सायकलवरून उतरताना पाय टेकायला हवेत. बारावी संपवून गेलेल्या मुलांच्या सायकली टीममध्येच विकायला निघतात, आणि ज्यांना तेवढंही जमणार नाही त्यांनी आमच्याशी बोला, वापरायला द्यायच्या सायकली असतात. हेल्मेट मात्र नवीन, आणि एकदा जोरात आपटलं की वरून चांगलं दिसलं तरी बदलायचं.

चला, बाकीचे प्रश्न चहा घेता घेता बोलू, माझ्याकडे गेज आहे, कुणी बाहेर सायकल आणली असेल तर चेन आत्ताच बघून टाकू.