एकास बहात्तर

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर माझा विषय ‘प्रमाणबद्ध विमान-प्रतिकृती : शास्त्र आणि दृष्टी’ असा छापलाय. हे बारसं माझं नाही. मी फोनवर ‘विमानांची मॉडेलं’ एवढंच सांगितलं होतं. पण आपल्याकडे मध्ये दोन ठिपके आल्याशिवाय व्याख्यानाला वजन येत नाही. (हशा) असो. शास्त्र पाच मिनिटांत उरकता येतं. दृष्टीबद्दल मात्र मला खरंच काही सांगायचंय आणि ते मी शेवटी सांगणार आहे.

आधी एक खुलासा. माझी विमानं उडत नाहीत. तुमच्यापैकी जे एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते, त्यांना बाल्सा लाकूड, टिश्यू पेपर आणि कागद ताठ करायला लावायच्या डोप नावाच्या रोगणाचा तो डोकं चढवणारा वास आठवत असेल. ती जमात वेगळी. त्यांचं विमान उडतं आणि मग मोडतं. आमचं न उडताच मोडतं, बहुधा दिवाळीच्या साफसफाईत. दुसरं म्हणजे, शिवकर बापूजी तळपद्यांनी मुंबईच्या चौपाटीवर उडवलं असं सांगतात, त्या विमानाचं मॉडेल का केलं नाही, हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारतात. मापं आणून द्या, उद्या सकाळी कामाला लागतो. (हशा)

आता शास्त्र. एकास बहात्तर, म्हणजे मॉडेल खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं. हा आकडा इंग्रजांच्या फूट-इंचातून आला. सहा फुटांचे इंच बहात्तर, म्हणजे सहा फुटी वैमानिक मॉडेलमध्ये एक इंचाचा. १९३०च्या दशकात स्कायबर्ड्स नावाचे लाकडी संच या मापात निघाले, १९३६ साली फ्रॉग कंपनीने ‘पेंग्विन’ नावाने प्लॅस्टिकचे आणले, आणि १९५३ साली एअरफिक्स कंपनीचं स्पिटफायर, म्हणजे महायुद्धातलं ते ब्रिटिश लढाऊ विमान, आलं. पुढे जगभरची पोरं याच मापात वाढली. याहून मोठं माप हवं तर एकास अठ्ठेचाळीस आहे, एकास बत्तीसही आहे. पण दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्याने बहात्तरच्या पुढे जाऊ नये. संसार मोडतो.

आपल्याकडे प्रमाणाची फिकीर कुणालाच नव्हती. आपण सगळ्यांनी दिवाळीत किल्ले केलेत. बुरुजावरचा मावळा बुरुजाएवढा, तळ्यातलं बदक हत्तीएवढं, आणि सिंहासनावर महाराज बसले की निम्मा गड दिसेनासा होतो. तरी कुणाचं काही बिघडत नाही. मी मात्र लहानपणी त्या बदकामुळे बेचैन व्हायचो. या छंदाची लागण अशीच होते.

आता नॅटकडे येतो. आयोजक म्हणाले होते, नॅटवर जास्त वेळ घालवू नका. (हशा)

नॅट हे टेडी पेटर या इंग्रज अभियंत्याचं विमान. लढाऊ विमानं दिवसेंदिवस जाडजूड आणि महाग होत चालली होती, त्याचा या माणसाला मनापासून राग. म्हणून त्याने अगदी छोटं, हलकं विमान काढलं. ते जुलै १९५५मध्ये पहिल्यांदा उडालं. गंमत अशी की खुद्द ब्रिटिश हवाई दलाने लढाऊ नॅट घेतलंच नाही. त्यांनी घेतलं दोन आसनांचं, शिकाऊ वैमानिकांसाठीचं. लढाऊ नॅटवर खरा विश्वास टाकला तो आपण. बंगळुरूला हिंदुस्थान एअरोनॉटिक्समध्ये ती बनली, आणि १९६५च्या लढाईनंतर त्यांना ‘सेबर स्लेयर’, म्हणजे पाकिस्तानच्या सेबर विमानांचा कर्दनकाळ, हे नाव पडलं. १४ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों श्रीनगरहून उडाले ते नॅटमधूनच. हवाई दलातलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं.

मग असं विमान शेल्फावर नको? पण किट मिळायचं ते ‘रेड ॲरोज’ या ब्रिटिश हवाई दलाच्या कसरतपथकाचं, लालभडक, दोन आसनी. बाजार त्यांचा, विमानही त्यांच्याच सोयीचं. आमच्या मावसभावाने, तो मर्चंट नेव्हीत होता, मला तेच आणून दिलं आणि म्हणाला, “घे, तुझं नॅट.” मी म्हटलं, “दादा, हे माझं नाही.” तो अजून बोलून दाखवतो.

आता हिशेब बघा. दोन आसनी नॅट ९.६८ मीटर लांब, लढाऊ नॅट ८.७४. फरक ९४ सेंटिमीटर. त्याला बहात्तरने भागा, तेरा मिलिमीटर. म्हणजे प्लॅस्टिकच्या धडातून तेरा मिलिमीटर कापून काढायचे आणि धड असं जोडायचं की सांधा दिसता कामा नये. पंखांच्या विस्तारातला फरक ५९ सेंटिमीटर, म्हणजे दोन्हीकडून चार-चार मिलिमीटर छाटणी. शेपटीचा उभा पंखा दोन आसनी नॅटचा मोठा, तोही घासायचा. वैमानिकाच्या डोक्यावरची काच तर संपूर्ण वेगळी.

बारीक करवत मिळत नव्हती. हॅकसॉचं तुटकं पातं धारवाल्याकडून पातळ करून घेतलं. त्याने विचारलं, “काय कापायचंय?” मी म्हटलं, “विमान.” त्याने पैसे आधी घेतले. (हशा) फटी बुजवायला गॅरेजातलं पुटिंग. काचेसाठी आधी शिसवीच्या तुकड्यातून घुमटाचा साचा कोरला आणि पॉलिश पेपरने नखासारखा गुळगुळीत केला. पूर्वी शर्ट ज्या खोक्यात यायचे, त्याचं पारदर्शक झाकण आठवतं? त्याचा तुकडा पुठ्ठ्याच्या चौकटीत ताणून बसवला, गॅसवर वरून धरला, आणि तो साय लोंबावी तसा खाली झुकू लागला की झटक्यात साच्यावर दाबला. क्षणभर उशीर झाला की भोक. घरातल्या शर्टांची खोकी संपल्यावर मी शेजाऱ्यांकडे वाढदिवसांची चौकशी करू लागलो.

पिटो ट्यूब, म्हणजे हवेचा वेग मोजणारी ती पुढे आलेली नळी, तिला खर्चच नाही. किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या काड्यांना चिकटून येतात, त्यातली एक काडी मेणबत्तीवर मऊ करायची आणि दोन्ही हातांनी ओढायची. केसाइतकी तार निघते.

राहिली वर्तुळं. भारतीय हवाई दलाची निशाणी बाहेर केशरी, मध्ये पांढरी, आत हिरवी. ती कुठेच छापून मिळेना. इटलीची मिळाली. तिथे बाहेर लाल, मध्ये पांढरं, आत हिरवं. नुसत्या लाल कड्यावर केशरी रंग फिरवला की झालं नागरिकत्व. हसू नका, यात राजकारण नाही. (मोठा हशा)

पण मापं पुस्तकातून घेऊन माझं समाधान होईना. म्हटलं, अस्सल नॅट बघावं. हवाई दलातून निवृत्त झालेली विमानं आपल्याकडे चौकाचौकांत, शाळांच्या अंगणांत, बागांत उभी असतात. पुणेकरांना कमला नेहरू पार्कातलं मरुत हे लढाऊ विमान ठाऊक आहे. असंच एक नॅट एका गावी होतं. गावाचं नाव घेत नाही, तिथे माझे नातेवाईक आहेत. मी टेप काढला तोच पहारेकरी आला. मापं घ्यायची नाहीत. का? सुरक्षेचा प्रश्न आहे. मी त्यांना समजावलं, “मामा, सप्टेंबर १९६५मध्ये आपलं एक नॅट पलीकडे पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं. ते आज कराचीच्या संग्रहालयात उभं आहे. शत्रूकडे अख्खं विमान आहे. मापं नाहीत ती फक्त माझ्याकडे.” मामा म्हणाले, “मग कराचीला जा.” (हशा, टाळ्या)

शेवटी भाच्याला विमानाशेजारी उभं केलं. पाच फूट सहा इंच, ताठ उभा राहतो. मी दूर जाऊन, लांब पल्ल्याची लेन्स लावून फोटो काढले. जवळून काढला की विमानाचं नाक फुगतं, शेपूट बारीक होते. फोटोतल्या भाच्यावरून मग सगळी मापं काढली.

आणि त्या गडबडीत ते विमान मी नीट पाहिलं. चकचकीत ऑइल पेंटचे थरावर थर. काचेच्या जागी आकाशी निळा रंग, थेट धातूवर फासल्यासारखा. आणि वर्तुळं उलटी! हिरवं बाहेर, केशरी आत. ज्या यंत्राने लढाई पाहिली, त्याच्यावर दर राष्ट्रीय सणाला एक हात रंग चढत गेला आणि कुणी एकदाही जुना फोटो काढून बघितला नाही. मी अर्ज केला. उत्तर आलं, ‘सदर बाब नोंद घेण्यात आली आहे.’ पुढच्या सणाला आणखी एक हात चढला. माझी तक्रार रंगाऱ्याबद्दल नाही, त्याला कुणी सांगितलंच नसणार. पण विचार करा, हे एकास एक मापाचं, अस्सल धातूचं विमान. इंचभरही चूक नाही. आणि ते खोटं दिसत होतं.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. मग मुख्य मुद्दा धावतपळत सांगतो.

लोक समजतात की उत्तम मॉडेल म्हणजे सगळं बहात्तरने भागलेलं. करून बघा. खऱ्या विमानाच्या पत्र्यांमधली फट समजा दोन मिलिमीटर आहे. भागली की ०.०३ मिलिमीटर, केसाहून बारीक. किटवर कोरलेली रेघ असते ०.२ मिलिमीटर. उलट गुणा, चौदा मिलिमीटर! तेवढ्या फटीत करंगळी जाईल. पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड राहिली तर खऱ्या विमानावर ती ३६ मिलिमीटर होते. वजनाचं तर विचारूच नका. ते लांबी, रुंदी, उंची तिन्हींनी घटतं, म्हणजे ३,७३,२४८ने भागायचं. सव्वादोन टनांचं रिकामं नॅट सहा ग्रॅमचं व्हायला हवं. माझं तर नाकात गळाचं शिसं भरून ठेवलंय, नाहीतर शेपटीवर बसतं.

मग काय धरायचं? अंतर. मॉडेल आपण साधारण तीस सेंटिमीटरवरून बघतो. गुणिले बहात्तर, साडेएकवीस मीटर. मॉडेल पाहणारा माणूस खऱ्या विमानापासून साडेएकवीस मीटरवर उभा आहे, एवढंच लक्षात ठेवायचं. तिथून रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी, दिसत नाहीत, म्हणून रिव्हेट करायचे नाहीत. सांधे फटींमुळे दिसत नाहीत, त्यात साठलेल्या मळामुळे दिसतात. म्हणून मळ रंगवायचा. खड्डा नको. काचेची पातळ कड मात्र त्या अंतरावरूनही झळकते, म्हणून शर्टाची खोकी फुकट गेली नाहीत. निळी रंगवलेली काच पन्नास मीटरवरूनही निळीच दिसते, हे मी त्या चौकात पाहिलंय.

हे अंतराचं गणित माझं नाही. १९४२ साली अमेरिकी नौदलाने शाळाशाळांतून पाच लाख लाकडी मॉडेलं मागवली, याच मापाची, काळी रंगवलेली. शत्रूचं विमान ओळखायला शिकवण्यासाठी. पस्तीस फुटांवर मॉडेल धरलं की ते अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसायचं. त्यांच्यावर ना रिव्हेट होते, ना सांधे. फक्त आकार. आणि तेवढ्यावर माणसं विमानं ओळखत होती. हल्ली आमच्या मंडळींत प्रत्येक रेघ गडद करायची टूम निघालीय, पाटी-पेन्सिलीने आखल्यासारखी. बक्षिसंही त्यांनाच मिळतात. परीक्षकांच्या हातात भिंग असतं ना! भिंग लावलं की तुम्ही विमानापासून पाच-सहा मीटरवर येता, मग प्रमाणच बदललं. यावर माझी बरीच भांडणं झाली आहेत. तो भाग आज राहिला, रंग किती फिका करावा तेही राहिलं.

आता चेक प्रजासत्ताकातल्या स्पेशल हॉबीने एक आसनी नॅट रीतसर किटमध्ये काढलंय. मी घेतलं. अजून उघडलेलं नाही. (हशा)

मॉडेलं बाहेर टेबलावर मांडली आहेत. नॅट उजवीकडून दुसरं. मुलांना पुढे येऊ द्या. हात लावू नका, ती पिटो ट्यूब केसाइतकी बारीक आहे हे मघाशी सांगितलंच आहे. आणि प्रश्न असतील तर तिथेच विचारा, हॉल साडेआठला रिकामा करून द्यायचाय.